एक कोड, दोन दुकानं

ॲप बनवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्याच बैठकीत दोन प्रश्न विचारतं: अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींवर चालेल ना? आणि खर्च किती? पहिल्याला 'हो' म्हटलं की दुसऱ्याचा आकडा दुपटीकडे सरकतो. अँड्रॉइडसाठी कोटलिन लिहिणारे वेगळे, आयफोनसाठी स्विफ्ट लिहिणारे वेगळे. चाचणी दोनदा, चुकाही दोन जातींच्या. हा आकडा खाली आणायचं वचन देत जी साधनं आली ती क्रॉस-प्लॅटफॉर्म फ्रेमवर्क. कोड एकदाच लिहायचा आणि ॲपल व गूगल या दोन्ही दुकानांत मांडायचा. ही दोन्ही दुकानं २००८ साली उघडली आणि त्याच वर्षी 'फोनगॅप' हे या जातीचं पहिलं गाजलेलं साधनही आलं. प्रश्न ॲपच्या धंद्याइतकाच जुना आहे.

उत्तरं बदलत गेली, वाद मात्र बहुतेक वेळा वेगापाशीच अडला. कोणतं फ्रेमवर्क किती मिलिसेकंदात उघडतं, कुणाचं स्क्रोलिंग अडखळत नाही, याची कोष्टकं निघतात. माझ्या मते आज या कोष्टकांवरून निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही. दुकान, पतसंस्था, शाळा, दवाखाना यांच्या ॲपला जेवढा वेग लागतो तेवढा आजचं कोणतंही मोठं फ्रेमवर्क देतं. निवड चुकते ती दुसऱ्या दोन जागी. फ्रेमवर्क चालवणाऱ्या कंपनीचा त्यातला रस किती टिकेल हे कुणी पाहत नाही, आणि ॲप पाचव्या वर्षी सांभाळणार कोण हे कुणी विचारत नाही.

फोनगॅपची कल्पना सोपी होती. फोनमध्ये ब्राउझर असतोच. त्याची चौकट काढून टाकायची, आत एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची पानं चालवायची आणि कॅमेरा, जीपीएस, संपर्कयादी यांच्यापर्यंत पोचायला प्लगइन लावायचे. चौकट काढलेल्या त्या ब्राउझरला वेबव्ह्यू म्हणतात. वेबसाइट बनवणारा कोणीही रातोरात ॲप डेव्हलपर झाला. पण त्या काळचे फोन अशक्त आणि वेबव्ह्यू त्याहून अशक्त. फेसबुकचं ॲप बऱ्याच अंशी याच वाटेने बनलेलं होतं. ऑगस्ट २०१२मध्ये त्यांनी आयफोनचं ॲप नेटिव्ह पद्धतीने, म्हणजे फोनच्या मूळ साधनांतच, नव्याने लिहिलं, आणि पुढच्याच महिन्यात मार्क झुकरबर्गने एचटीएमएल५वर नको इतकी भिस्त ठेवली ही कंपनीची सर्वांत मोठी चूक होती, असं जाहीर व्यासपीठावर सांगून टाकलं.

तेव्हापासून वेबव्ह्यू म्हणजे हलकं काम, असा शिक्का बसला. तो आता काढायला हरकत नाही. फोन बदलले, ब्राउझरची इंजिनं बदलली, आणि आयोनिकवाल्यांनी २०१९ साली आणलेलं 'कपॅसिटर' हे साधन जुन्या फोनगॅपपेक्षा बरंच नेटकं आहे. हजेरी, अर्ज, याद्या, अहवाल अशी कामं असतील आणि चांगली वेबसाइट आधीच हाताशी असेल, तर कपॅसिटरने काम भागतं. एवढंच की नुसती वेबसाइट गुंडाळून पाठवली तर ॲपल 'किमान उपयुक्तते'चा नियम दाखवून ॲप परत पाठवू शकतं. खुद्द फोनगॅपचं काय झालं, तेही पाहावं. ते बनवणारी कंपनी ॲडोबीने २०११ साली विकत घेतली. मूळ कोड 'कॉर्डोव्हा' या नावाने अपाचे फाउंडेशनकडे गेला म्हणून वाचला. ॲडोबीने २०२०मध्ये फोनगॅप बंद केलं तेव्हा त्यांच्या क्लाउडवर बिल्ड करणाऱ्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

ठेच खाल्लेल्या फेसबुकनेच पुढचं पाऊल टाकलं. 'रिॲक्ट नेटिव्ह' जानेवारी २०१५मध्ये जाहीर झालं, मार्चमध्ये आयफोनसाठी खुलं झालं आणि सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडसाठी. यात कोड जावास्क्रिप्टचाच, पण पडद्यावर दिसणारी बटणं, याद्या, मजकूर हे सगळं फोनचं स्वतःचं, अस्सल. जावास्क्रिप्ट एका बाजूला, फोनचे घटक दुसऱ्या बाजूला आणि मधे 'ब्रिज', ज्यावरून संदेश जेसॉन स्वरूपात ये-जा करायचे. साध्या पडद्यांना हे पुरायचं. लांबलचक यादी भराभर सरकवली किंवा बोटामागे हलणारं काही दाखवायचं झालं की ब्रिजवर गर्दी व्हायची आणि पांढरे पट्टे दिसायचे. या यादीच्या दुखण्यावर एक चांगला उपाय बंगळुरूहून निघाला. फ्लिपकार्टने आपली 'रिसायकलरलिस्टव्ह्यू' ही लायब्ररी खुली केली, आणि पुढे शॉपिफायने आपली 'फ्लॅशलिस्ट' तिच्याच पायावर उभारली.

रिॲक्ट नेटिव्हची चर्चा एअरबीएनबीशिवाय पूर्ण होत नाही. त्यांनी ते २०१६मध्ये घेतलं आणि जून २०१८मध्ये सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या लेखमालेचा मथळा सगळ्यांनी वाचला, आतला मजकूर थोड्यांनी. त्यांच्याच अंतर्गत पाहणीत ६३ टक्के इंजिनिअरांनी संधी मिळाली तर पुन्हा रिॲक्ट नेटिव्हच घेतलं असतं, असं सांगितलं होतं. बिनसलं ते असं की एअरबीएनबीकडे आधीच दोन भरभक्कम नेटिव्ह ॲप होती. रिॲक्ट नेटिव्ह त्यांच्या पोटात घुसवलं, त्यामुळे दोनाचं एक होण्याऐवजी दोनाचे तीन प्लॅटफॉर्म झाले, आणि कुठे काही अडलं की तिन्ही जाणणारा माणूस शोधावा लागे. दीड वर्षाने, जानेवारी २०२०मध्ये, शॉपिफायने यापुढची आपली मोबाइल ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्येच बनतील असं जाहीर केलं. तिथे वेबसाठीची 'रिॲक्ट' ही लायब्ररी जाणणारे आधीच भरपूर होते. डिस्कॉर्डचं आयफोन ॲप २०१५पासून रिॲक्ट नेटिव्हवर होतं. अँड्रॉइड त्यांनी २०२२पर्यंत वेगळं ठेवलं आणि मगच इकडे आणलं. फ्रेमवर्क एकच, निकाल तीन. फरक कोडच्या गुणवत्तेत शोधू नये. कोणत्या कंपनीत कोणती माणसं आधीपासून बसलेली होती, तिथे तो सापडतो.

ब्रिजचं दुखणं फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, मान्य केलं आणि २०१८मध्ये नव्या रचनेची घोषणा केली. ती सर्वांसाठी आपोआप चालू झाली ऑक्टोबर २०२४मध्ये, ०.७६ या आवृत्तीत. सहा वर्षं! मधल्या काळात 'हर्मीस' हे हलकं जावास्क्रिप्ट इंजिन आलं, जे स्वस्त अँड्रॉइड फोनवर ॲप लवकर उघडावं म्हणून मुद्दाम बनवलं होतं. पण हजारो छोट्या लायब्रऱ्यांच्या लेखकांना आपापलं काम नव्या रचनेला जुळवून घ्यावं लागलं, आणि ज्यांनी तोवर आपली लायब्ररी सोडून दिली होती त्यांच्या वापरकर्त्यांचे हाल झाले. आजही रिॲक्ट नेटिव्हची जुनी आवृत्ती नव्यावर नेणं हे कामाच्या यादीत सगळे शेवटी ढकलतात. या त्रासाचा मोठा भाग 'एक्स्पो' या साधनसंचाने अंगावर घेतला आहे, इतका की रिॲक्ट नेटिव्हची अधिकृत माहितीपुस्तिका नव्या माणसाला एक्स्पोपासूनच सुरुवात करायला सांगते. ऑक्टोबर २०२५मध्ये रिॲक्ट आणि रिॲक्ट नेटिव्ह लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एका स्वतंत्र संस्थेकडे सोपवत असल्याची घोषणा मेटाने केली. माझ्या दृष्टीने वेगातल्या कुठल्याही सुधारणेपेक्षा ही बातमी मोठी आहे, कारण एका कंपनीच्या मर्जीचा धोका तिने कमी होतो.

गूगलचं 'फ्लटर' डिसेंबर २०१८मध्ये १.० झालं, आणि त्याने मूळ विचारच उलटा धरला. फोनची बटणं वापरायचीच नाहीत. प्रत्येक पिक्सेल आपण रंगवायचा. फोनकडून फक्त कोरा पडदा घ्यायचा. नाटक कंपनी नेपथ्य-पडदे ट्रकमध्ये घालून गावोगावी नेते, तसं फ्लटरचं ॲप आपलं सगळं सामान सोबत आणतं. त्यामुळे डिझायनरने काढलेलं चित्र दोन्ही फोनवर तंतोतंत एकसारखं दिसतं, आणि 'सॅमसंगवर नीट दिसतं पण दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बिघडतं' ही तक्रार बरीच कमी होते. भाषा डार्ट. ती २०११पासून होती, पण फ्लटर येईपर्यंत तिला कुणी फार विचारत नव्हतं. जावा किंवा सी शार्प आलेल्या माणसाला ती शिकायला त्रास पडत नाही.

आपल्याकडे फ्लटरची सर्वांत मोठी परीक्षा झाली ती गूगल पेमध्ये. २०१७ साली 'तेज' नावाने भारतात सुरू झालेलं हे ॲप नंतर फ्लटरमध्ये नव्याने लिहिलं गेलं. गूगलने दिलेल्या माहितीनुसार १७ लाख ओळींचा कोड ११ लाखांवर आला. आकडा देणारी कंपनी फ्लटरचीच मालक आहे हे ध्यानात ठेवूनसुद्धा, रोजचे एवढे यूपीआय व्यवहार फ्लटरच्या पडद्यांवरून होत असतील तर 'मोठ्या कामाला चालेल का' या प्रश्नात दम उरत नाही.

स्वतःचं नेपथ्य आणण्याचा खर्चही आहे. पहिल्यांदा एखादं ॲनिमेशन चालताना आयफोनवर जो झटका बसायचा तो घालवायला फ्लटरला चित्र काढणारं इंजिनच बदलावं लागलं. 'इम्पेलर' आयफोनवर मे २०२३मध्ये आपोआप चालू झालं, अँड्रॉइडच्या नव्या फोनवर २०२४च्या अखेरीस. दुसरा खर्च सप्टेंबर २०२५मध्ये दिसला. ॲपलने आयओएस २६मध्ये काचेसारखं पारदर्शक नवं रूप आणलं. रिॲक्ट नेटिव्हमध्ये फोनचेच घटक असल्याने नव्या साधनांनी बिल्ड केल्यावर त्यातलं बरंचसं आपसूक मिळतं. फ्लटरला ते नव्याने रंगवून दाखवावं लागतं. तुमचं ॲप आपल्याच रंगरूपात मिरवणारं असेल तर याचं काही वाटत नाही. ॲपलच्या घरचं वाटावं अशी हौस असेल तर वाटतं.

आणि मालकाचा प्रश्न इथेही आहे. २०२४च्या वसंतात गूगलने जी कर्मचारीकपात केली तिची झळ फ्लटर आणि डार्टच्या चमूंनाही बसली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लटरच्याच एका माजी सदस्याने 'फ्लॉक' नावाने वेगळी शाखा काढत असल्याचं जाहीर केलं. दुरुस्त्या पुढे सरकायला फार वेळ लागतो, ही तक्रार होती. फ्लटर बुडालं असा त्याचा अर्थ नव्हता, नव्या आवृत्त्या येत राहिल्या. पण गूगलने आजवर बंद केलेल्या उत्पादनांची यादी लांब आहे आणि ती लोकांना पाठ आहे. माझा हिशेब असा: स्वतःची पैशाची देवाणघेवाण ज्यावर चालते ते साधन कंपनी सहजी सोडत नाही.

मालकाने हात काढून घेतल्यावर काय होतं, याचं धडधडीत उदाहरण झामरिन. मिगेल दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांनी २०११मध्ये काढलेली ही कंपनी सी शार्पमध्ये ॲप लिहू द्यायची. मायक्रोसॉफ्टने ती २०१६मध्ये घेतली, २०२२मध्ये 'डॉटनेट माउई' हा वारसदार आणला आणि १ मे २०२४ला झामरिनचा आधार थांबवला. डॉटनेटवर चालणाऱ्या कार्यालयांत, कारखान्यांत, बँकांत झामरिनची ॲप होती, आणि ती माउईवर नेणं कागदावर वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्याच मायक्रोसॉफ्टने ३१ मार्च २०२५ला ॲप सेंटर बंद केलं आणि त्यासोबत 'कोडपुश'ही गेलं. दुकानाच्या मंजुरीची वाट न पाहता रिॲक्ट नेटिव्ह ॲपमधली जावास्क्रिप्ट बदलण्याची ती सोय होती, आणि अनेक कंपन्यांची तातडीची दुरुस्ती तिच्यावर चालायची. आज त्या जागी एक्स्पोची सेवा आहे.

आतापर्यंतच्या सगळ्या साधनांनी पडदा वाटून घ्यायचा प्रयत्न केला. दुसरी वाट अशी की पडदे दोन्हीकडे वेगळेच लिहायचे आणि आतले नियम तेवढे एकदा: व्याज कसं मोजायचं, सवलत कुणाला, इंटरनेट गेल्यावर नोंदी कुठे साठवायच्या. ड्रॉपबॉक्सने २०१३पासून हे सी++मध्ये करून पाहिलं आणि २०१९मध्ये जाहीरपणे सोडून दिलं. कारणं वाचण्यासारखी आहेत. लागणारी साधनं स्वतःच बनवावी लागली, ती सांभाळावी लागली, आणि मोबाइलचं काम करायला आलेल्या माणसांना सी++ नको होतं. जेटब्रेन्सच्या 'कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म'ने हीच कल्पना अँड्रॉइडवाल्यांना रोज हाताखाली असलेल्या भाषेत आणली. नोव्हेंबर २०२३मध्ये ते स्थिर म्हणून जाहीर झालं आणि मे २०२४मध्ये गूगलने त्याला अधिकृत पाठिंबा दिला. पडदेही वाटून घ्यायचे असतील तर 'कंपोझ मल्टिप्लॅटफॉर्म' आहे, तेही मे २०२५पासून आयफोनसाठी स्थिर. याची खरी खुबी ही की चालू अँड्रॉइड ॲप मोडावं लागत नाही; एकेक तुकडा सामाईक करत जाता येतं, आणि जमलं नाही तर मागे फिरता येतं. एअरबीएनबीची अडचण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी इकडे पाहावं.

मराठी ॲप करणाऱ्यांना एक कसोटी इंग्रजी परीक्षणांत सापडणार नाही. फ्लटर मजकूरसुद्धा स्वतःच मांडतं, रिॲक्ट नेटिव्ह तो फोनच्या यंत्रणेकडे सोपवतं. साध्या वाक्यांत दोन्हींकडे देवनागरी नीट दिसते. घोळ होतो तो डिझायनरने इंग्रजी अक्षरं पाहून ठरवलेल्या ओळीच्या उंचीत: वेलांट्या आणि रफार कापले जातात किंवा वरच्या ओळीला भिडतात. आवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर मराठी शब्द भलत्याच फॉन्टमध्ये उमटतात. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' काही फॉन्टमध्ये असतो, पण मजकूर मराठी आहे असं ॲपने सांगितलं तरच तो वापरला जातो, नाहीतर हिंदीचं वळण येतं. फ्लटरमध्ये हे सांगायची सोय आहे. त्याच वेळी डार्टमधून थेट पीडीएफ बनवताना जोडाक्षरं तुटतात ही तक्रार जुनी आहे, आणि पतसंस्थेच्या ॲपमध्ये पावती हाच तर मुख्य कागद. 'दर्या', 'दऱ्या', 'लक्ष्मी', 'कर्तृत्व' एवढे चार शब्द पडद्यावर, सूचनेत आणि पीडीएफमध्ये उमटवून पाहिले की पुढचा बराच मनस्ताप टळतो.

कोटेशनमध्ये सहसा न लिहिलेला खर्च देखभालीचा. ॲपलचं वार्षिक शुल्क ९९ डॉलर, गूगलचं एकदाच २५ डॉलर, आयफोनचा बिल्ड करायला मॅक, विकतचा किंवा क्लाउडवर भाड्याचा. हे सगळे धरतात. पण गूगल दरवर्षी अँड्रॉइडची नवी पातळी गाठायला लावतं. १ नोव्हेंबर २०२५पासून तर अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांना उद्देशून केलेलं ॲप १६ केबीच्या मेमरी-पानांवर चालायला हवं, असा नियम आला. शुद्ध कोटलिनच्या ॲपला त्याचं विशेष काही नाही. फ्रेमवर्कची इंजिनं आणि बरेच प्लगइन मात्र सी++मध्ये असतात. फ्रेमवर्कवाल्यांनी आपलं काम वेळेत केलं; अडले ते एखाद्याच प्लगइनपायी, ज्याचा लेखक कधीच दुसऱ्या कामाला लागला होता. म्हणून फ्रेमवर्क निवडण्याआधी प्लगइनची यादी करावी: पेमेंट, नकाशे, ब्लूटूथचा वजनकाटा किंवा प्रिंटर, फिंगरप्रिंट. प्रत्येकाची शेवटची आवृत्ती कधी निघाली, मागे कंपनी आहे की एकटा हौशी माणूस, हे पाहायला फार वेळ लागत नाही, आणि वेगाच्या दहा कोष्टकांपेक्षा यातून जास्त कळतं.

मग घ्यावं काय? पुण्यात किंवा कोल्हापुरात पाच-सात माणसांची कंपनी असेल आणि त्यांतले चार वेबवर रिॲक्ट करत असतील, तर एक्स्पोसकट रिॲक्ट नेटिव्ह; त्यावर फार डोकं खाजवू नये. कोरी पाटी, नवी मुलं, दिखाऊ पडदे आणि दोन्ही फोन पहिल्या दिवसापासून हवे, तर फ्लटर. मोठं अँड्रॉइड ॲप आधीच चालू आहे आणि आता आयफोन हवा, तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. सगळा कारभार डॉटनेटवर असेल तर माउई, झामरिनची आठवण ठेवून. खेळ बनवायचे असतील तर हा लेख बाजूला ठेवून युनिटीकडे जावं.

एक पर्याय मात्र विकणाऱ्याला सोयीचा नसल्याने क्वचितच सांगितला जातो. भारतात नव्वद टक्क्यांहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. दूध संकलन केंद्रावरचे शेतकरी, आशा सेविका, बाजार समितीतले आडते यांच्यासाठी ॲप असेल तर आयफोनचा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. तिथे सरळ कोटलिनमध्ये नेटिव्ह ॲप लिहावं. ते आकाराने लहान राहतं आणि मधला मालक उरत नाही. संचालक मंडळातल्या तिघांकडे आयफोन आहे, एवढ्यासाठी क्रॉस-प्लॅटफॉर्म घेतलेले प्रकल्प या राज्यात थोडे नसावेत. त्या तिघांना वेबसाइट पुरेल.

आता या सगळ्या हिशेबाचा पायाच हलतो आहे. कोड लिहून देणारी एआय साधनं कोटलिनमधल्या पडद्याचं स्विफ्टमधलं कच्चं रूप काही मिनिटांत काढून देतात. म्हणजे जी दुप्पट मजुरी वाचवायला क्रॉस-प्लॅटफॉर्म जन्मलं तीच स्वस्त होऊ लागली. चाचणी स्वस्त झालेली नाही. खऱ्या फोनवर, खऱ्या नेटवर्कवर, दोन्ही दुकानांच्या नियमांसमोर ॲप तपासायला माणूस बसावाच लागतो, आणि दोन कोड असतील तर दोनदा. नियम सामाईक आणि पडदे वेगळे या वाटेला याचा सर्वांत जास्त फायदा व्हावा, असं मला वाटतं: जिथे चूक महागात पडते तो भाग एकच राहतो आणि जिथे नक्कल सोपी असते तो दोनदा लिहिला जातो. येत्या दोन-तीन वर्षांत कोटेशनमध्ये 'दोन नेटिव्ह ॲप' हा पर्याय पुन्हा दिसू लागला तर नवल नाही. फक्त त्यात चाचणीचा खर्च वेगळ्या ओळीत मागून घ्यावा.